घोडबंदर : रस्त्यामागचे गाव

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वार्षिक समारंभाच्या पाहुण्याने विद्यार्थ्यांना चार उपदेशाच्या गोष्टी सांगाव्यात, असा रिवाज आहे. त्या गोष्टी तुमचे शिक्षक वर्षभर सांगतात आणि आईवडील रोज रात्री सांगतात. त्यात मी आणखी भर घालत नाही. व्यवस्थापक मंडळींनी मला ‘आपला परिसर’ हा विषय दिला आहे. विषय फार मोठा. ठाणे, मुंब्रा, कल्याण, डोंबिवली, भिवंडी अशा पाच शहरांची नावे घेता घेताच वेळ संपेल. म्हणून मी या परिसरातले एकच गाव निवडले आहे. गाव लहान आहे, पण त्याचे नाव तुमच्यापैकी प्रत्येकाने हजार वेळा उच्चारलेले आहे. ते गाव म्हणजे घोडबंदर.

‘घोडबंदर रोड’ ठाऊक नाही असा माणूस ठाण्यात सापडणार नाही. बसच्या पाटीवर ते नाव आहे, जागेच्या जाहिरातीत आहे, वर्तमानपत्रात वाहतूक तुंबल्याच्या बातमीत तर जवळजवळ रोजच आहे. परंतु रस्ता ज्या गावाला जातो म्हणून त्याला हे नाव पडले, त्या गावी कोण गेले आहे, असे विचारले तर या सभागृहात फारसे हात वर होणार नाहीत. रस्ता प्रसिद्ध झाला आणि गाव त्याच्या मागे लपले. ते गाव आज आपण थोडे पुढे आणू या.

प्रथम गाव कोठे आहे ते पाहू. ठाण्याच्या माजिवड्याहून निघालात की मानपाडा, कासारवडवली, ओवळे, भाईंदरपाडा, गायमुख अशी नावे एकामागून एक लागतात. ही सारी मूळची गावे. आज ती बसथांबे झाली आहेत. गायमुखाच्या पुढे रस्ता डोंगर आणि पाणी यांच्या चिंचोळ्या पट्ट्यातून जातो. डाव्या हाताला येऊरच्या डोंगराचे जंगल, उजव्या हाताला खाडी. वर्सावे ओलांडले की मुंबईहून गुजरातकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग येतो, आणि त्याच्या जवळच, खाडीच्या काठी, एका टेकडीच्या पायथ्याशी घोडबंदर वसले आहे. ठाण्यापासून अंतर सुमारे २० किलोमीटर. टेकडीवर दगड-चुन्यात बांधलेला जुना किल्ला आहे. किल्ल्यावर उभे राहिले की खाडीवरून जाणारी प्रत्येक होडी दिसते. किल्ला तेथे का बांधला हे समजायला एवढे एक दृश्य पुरे आहे.

आता ही खाडी कोणती ते समजून घ्या, कारण कल्याणच्या मुलांचा तिच्याशी फार जवळचा संबंध आहे. खंडाळ्याच्या डोंगरांत उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, बदलापूर करीत कल्याणला येते. कल्याणपासून तिचे पाणी खारे होते, कारण समुद्राची भरती तेथपर्यंत चढते. पुढे ठाण्याच्या उत्तरेला हे पाणी दोन वाटांना लागते. एक फाटा दक्षिणेला ठाण्याच्या खाडीत उतरतो. मुख्य प्रवाह मात्र पश्चिमेला वळतो, घोडबंदरच्या टेकडीखालून जातो आणि वसईजवळ अरबी समुद्राला मिळतो. या दोन खाड्या आणि समुद्र यांच्यामध्ये जी जमीन वेढली गेली, ती साष्टी. घोडबंदर हे साष्टी बेटाचे उत्तरेकडील टोक.

याचा अर्थ काय? कल्याण हे फार प्राचीन बंदर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या प्रवासवर्णनात त्याचे नाव आहे, आणि कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दानशूर व्यापाऱ्यांचे उल्लेख आहेत. या कल्याणहून माल भरून निघालेले गलबत समुद्राकडे जायचे तर त्याला ठाण्याखालून किंवा घोडबंदरखालून जावे लागे. कल्याणच्या घराची एक देवडी म्हणजे घोडबंदर. देवडीवर जो बसेल त्याला आतबाहेर करणारा प्रत्येक माणूस दिसतो. या गावाचा सारा इतिहास या एका वाक्यात सांगता येईल.

आता नावाकडे वळू. मित्रांनो, गावाचे नाव हा एक दस्तऐवज असतो. त्यावर शिक्का नसतो, सही नसते, पण तो वाचता येतो. घोडबंदर या नावात दोन शब्द आहेत. घोडा हा आपल्या मराठीचा. बंदर हा फारसी. दोन भाषांनी मिळून एका गावाचे नाव ठेवले, तेव्हा त्या भाषा बोलणारी माणसे येथे कशासाठी तरी एकत्र आली असणार. ती घोड्यांसाठी आली.

आपल्या दमट किनाऱ्यावर उत्तम घोड्यांची पैदास होत नसे. दख्खनच्या राजांना तर लढाईसाठी जातिवंत घोडे हवे असत, आणि ते इराणी आखात व अरबस्तान येथून गलबतांत घालून आणले जात. हा व्यापार किती मोठा होता याची साक्ष मार्को पोलो देतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानच्या किनाऱ्याने गेलेल्या या व्हेनिसच्या प्रवाशाने ठाण्याच्या राज्याची हकीकत लिहून ठेवली आहे. तो सांगतो की, येथील राजाने समुद्रावरच्या चाच्यांशी करार केला होता. लुटीत सापडलेले घोडे तेवढे राजाला द्यायचे आणि बाकीचा माल चाच्यांनी ठेवायचा. हिंदुस्थानकडे येणाऱ्या गलबतांत घोडे असतच, म्हणून राजाला हा सौदा फायद्याचा वाटे. मार्को पोलोला हा प्रकार राजाला न शोभणारा वाटला, आणि आपल्यालाही वाटतो. पण राजे ज्याच्यासाठी चाच्यांशी हात मिळवीत, तो घोडा केवढा मोलाचा असेल याचा अंदाज त्यावरून येतो.

अरबांकडून आलेले घोडे या काठाला उतरवून घेत म्हणून हे घोडबंदर, असे परंपरेने सांगतात. पोर्तुगीजांच्या अमदानीतही येथे घोड्यांचा व्यवहार चाले. महिना महिना गलबतात उभे राहून थकलेले जनावर उघड्या समुद्राच्या लाटांत उतरवणे किती कठीण! येथे खाडीचे पाणी संथ, मागे डोंगराचे गोडे पाणी आणि गवत. व्यापाऱ्याने जागा हेरून घेतली ती उगीच नव्हे.

अरब मंडळी या किनाऱ्याला परकी नव्हती. दहाव्या शतकात अल्-मसूदी हा प्रवासी इसवी सन ९१५-१६ च्या सुमारास येथे आला होता. त्याने चौल, सोपारा आणि ठाणे या बंदरांची नावे दिली आहेत. चौलला त्याने मुसलमानांची मोठी वस्ती पाहिली. त्यानंतर अल्-बिरूनीने ठाणे ही कोकणची राजधानी असल्याचे लिहिले. बाराव्या शतकातील अल्-इद्रीसी ठाण्याच्या डोंगरांतील बांबूचा आणि त्यापासून मिळणाऱ्या तबाशीर नावाच्या औषधाचा उल्लेख करतो. आपण त्याला वंशलोचन म्हणतो. ठाण्याचे नाव दूरच्या देशांतल्या बाजारात औषधाच्या पुडीबरोबर जात होते.

याच किनाऱ्यावरची आणखी एक हकीकत मला तुम्हाला मुद्दाम सांगायची आहे. डहाणू तालुक्यातील चिंचणी या गावी काही ताम्रपट सापडले. हा भाग २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघर जिल्ह्यात आहे. त्यांपैकी एक ताम्रपट इसवी सन ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला आहे. त्यावरून असे कळते की, संजानच्या मुलखाचा कारभार तेव्हा मधुमती सुगतीप नावाच्या एका ताजिक अधिकाऱ्याकडे होता. ताजिक म्हणजे अरब. आणि मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप असल्याचे अभ्यासक मानतात. या अधिकाऱ्याने काय केले? त्याने दोन नद्यांवर लोकांसाठी फुकट तर चालू केली आणि एक अन्नछत्र घातले, जेथे वाटसरूला भात, कालवण आणि तूप विनामूल्य मिळे. देवीच्या मठासाठी जमीन देण्याचे कामही त्याच्याच कारभारात झाले. राजा हिंदू, अधिकारी अरब, लेख संस्कृतात, आणि काम काय, तर माणसांना नदीपार नेणे आणि भुकेल्याला जेवू घालणे! मुलांनो, हजार वर्षांपूर्वीची ही नोंद तांब्यावर कोरलेली आहे. आपल्या किनाऱ्यावर माणसे कशी राहत होती, असा प्रश्न कोणी विचारला तर हे उत्तर तुमच्या तोंडी असले पाहिजे.

या सहवासाची खूण आपल्या बोलीतही राहिली आहे. बंदर, दर्या, किनारा, लंगर, खलाशी, सारंग, नाखुदा, हे शब्द आपण मराठी म्हणूनच वापरतो. त्यांचे माहेर फारसी किंवा अरबी आहे. ‘मोसम’ हा शब्द अरबी. वाऱ्यांचा ठरलेला हंगाम असा त्याचा खलाशांच्या तोंडी अर्थ. हाच शब्द पोर्तुगीजांनी उचलला आणि पुढे तो इंग्रजीत ‘मॉन्सून’ होऊन बसला. आणि गंमत पाहा. येथून हजारो मैलांवर इंडोनेशियाच्या किनाऱ्यावर एखाद्या खेड्यात जाऊन विचारलेत, तर तेथेही धक्क्याला ‘बंदर’, जहाजाच्या प्रमुखाला ‘नाखोदा’ आणि हंगामाला ‘मुसिम’ म्हणतात. घोडबंदरचा कोळी आणि जावा-सुमात्राचा कोळी यांची कधी भेट झाली नाही, पण एकाच वाऱ्याने दोघांच्या ओटीत तेच शब्द टाकले.

पुढचा इतिहास देवडीचा आहे. ती ताब्यात कोणाची, याचा. सोळाव्या शतकात वसई-साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. १५५० च्या सुमारास त्यांनी घोडबंदरच्या टेकडीवर बांधकामाला हात घातला; किल्ल्याला आजचे रूप यायला १७३० साल उजाडले. येथे त्यांनी चर्चही बांधले. सतराव्या शतकात जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याने या भागाचे वर्णन केले आहे. त्याने घोडबंदरला उत्तम बांधणीचे गाव म्हटले आहे आणि तेथील पोर्तुगीज जमीनदाराच्या वाड्याची व चर्चची वाखाणणी केली आहे. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी आलेल्या परदेशी माणसाच्या नजरेत हे गाव भरले होते. आज आपण त्याच्या शेजारून गाडीने जातो आणि मान वळवीत नाही.

१६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि तेथे जहाजे बांधायला सुरुवात केली. त्यासाठी सुरुवातीला पोर्तुगीज कारागीर कामावर होते. ही जहाजे समुद्रात जायची तर पोर्तुगीजांच्या नाकाखालून जाणार, म्हणून वसईचे अधिकारी धास्तावले आणि त्यांनी आपले कारागीर फोडून परत नेले. तरीही मराठ्यांचे आरमार उभे राहिलेच, आणि त्या आरमाराच्या नामांकित सरदारांत दौलतखान होता, हेही येथे सांगितले पाहिजे. १६७२ मध्ये घोडबंदरवर मराठ्यांचा हल्ला झाला, तो पोर्तुगीजांनी परतवला. पुढे चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत, १७३७ साली, किल्ला मराठ्यांच्या हाती आला. १७७४ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला, पाठोपाठ साष्टी गेली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडेच राहिली.

तलवारीने घोडबंदरचे महत्त्व कमी झाले नाही. ते कमी झाले रुळांनी. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली. १ मे १८५४ रोजी ती कल्याणला पोहोचली. त्यासाठी ठाण्याच्या खाडीवर पूल बांधला आणि मुंब्र्याजवळ पारसिकचा डोंगर पोखरला. दहा वर्षांत दुसरी रेल्वे वसई-भाईंदरवरून मुंबईत आली. एक रेल्वे पूर्वेने गेली, दुसरी पश्चिमेने. घोडबंदर मधोमध राहिले आणि दोहोंपैकी एकीलाही त्याची गरज पडली नाही. कल्याणचा भात, गवत, लाकूड जे गलबतात भरून भरतीची वाट पाहत असे, ते आता वाघिणीत भरले जाऊ लागले. देवडी जागेवर राहिली. तिच्यातून जाणारी माणसेच दुसऱ्या दाराने जाऊ लागली.

मग या काठच्या गावांनी काय केले? ती भात, मीठ आणि मासळीवर जगली. या पट्ट्यात आगरी, कोळी, ख्रिस्ती आणि डोंगराच्या बाजूला आदिवासी अशी वस्ती आहे. खाडीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून भाताची खाचरे तयार करायची, बांधाला उघाडी ठेवायची, पावसाळ्यात गोडे पाणी बाहेर सोडायचे आणि भरती आली की उघाडी बंद करायची, हे काम पिढ्यान्‌पिढ्या गावकीने केले. बांध फुटला तर एका घराचे नव्हे, साऱ्या गावाचे पीक जाई; म्हणून बांधावर साऱ्या गावाने उभे राहायचे. काठावर तिवरांचे बन, त्याच्या मुळांत चिंबोऱ्या, कोळंबी, निवट्या. खोल पाण्यात बोई आणि जिताडा. हे सारे एका ओळीत सांगून होते, पण त्यामागे केवढी विद्या आहे!

त्या विद्येचा एक नमुना देतो. विज्ञान आणि गणित यांच्या शिक्षकांनी तो जरूर वर्गात करून पाहावा. आपल्या किनाऱ्यावरचा माणूस घड्याळाशिवाय भरतीची वेळ सांगतो. चांद्रमासाच्या पंधरवड्यातील तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल तितक्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. खाडीत आत जाल तसा थोडा उशीर धरायचा. याचे कारण असे की, चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा येतो आणि भरती त्याच्या मागोमाग चालते. आपल्या घरी हिजरी तारखेचे कॅलेंडर असतेच. चंद्रदर्शनानंतर महिना सुरू होतो, त्यामुळे तिथीत आणि चांदाच्या तारखेत एकदोन दिवसांचा फरक पडतो. तेवढा धरलात की तुमच्या भिंतीवरच्या त्या कॅलेंडरवरूनही कल्याणच्या खाडीला भरती केव्हा येईल याचा हिशेब करता येईल. रमजानचा चांद आणि कोळ्याची होडी एकाच आकाशाखाली चालतात, हे मुलांना पाढ्यातून कळेल.

आणि ही विद्या केवळ कौतुकाची नाही. २६ जुलै २००५ चा पाऊस येथील बहुतेक पालकांना आठवत असेल. उल्हास नदीने त्या दिवशी बदलापूर, उल्हासनगर, कल्याण या भागांत हाहाकार केला. जोरदार पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली म्हणजे नदीच्या पाण्याला समुद्रात उतरायला वाट राहत नाही. ते पसरते. त्याला पसरायला जागा लागते. ती जागा म्हणजे खाजण आणि तिवरांचे बन. जुन्या माणसांनी ती रिकामी ठेवली होती, कारण ती पाण्याची आहे हे त्यांना ठाऊक होते. आपण तिला पडीक जमीन समजून तेथे भराव टाकला. तिकडे अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवली येथील कारखान्यांचे आणि शहरांचे सांडपाणी वर्षानुवर्षे याच खाडीत आले. घोडबंदरच्या टेकडीखालून जे पाणी समुद्राला जाते त्यात आपल्या सर्वांच्या घरांचा वाटा आहे. खाडीकाठचा कोळी आज जाळे काढतो तेव्हा त्यात मासळीबरोबर आपली प्लास्टिकची पिशवी येते.

घोडबंदर गाव १९८५ मध्ये मीरा-भाईंदर नगरपालिकेच्या हद्दीत आले आणि २००२ पासून ते महानगरपालिकेत आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच इमारती उभ्या राहिल्या. लोकांना घरे हवीत. त्यांत आपलीही माणसे राहतात, त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु नव्या वसाहतींना दूरदेशीची नावे मिळतात आणि शेताची, पाड्याची, विहिरीची जुनी नावे पुसली जातात. नाव गेले की त्या दस्तऐवजाचे पान फाटले. उद्या ‘घोडबंदर’ हे नावही कोणाला बदलावेसे वाटले, तर घोड्यांचा, गलबतांचा, दोन भाषांच्या भेटीचा पुरावा त्याबरोबर जाईल.

पालक बंधुभगिनींनो, आता तुमच्यासाठी दोन शब्द. येथे बसलेल्या कुटुंबांपैकी काही कल्याण-भिवंडीची मूळची कोकणी घराणी आहेत. काही रत्नागिरी-रायगडकडून आलेली, काही मराठवाड्यातून, काही उत्तरेकडून. मुलाला ‘तुझे गाव कोणते?’ असे विचारले की तो आजोबांच्या गावाचे नाव सांगतो, जे त्याने मे महिन्याच्या सुटीत दोनदा पाहिलेले असते. ते नाव त्याने जरूर सांगावे. पण ज्या जागी त्याचा जन्म झाला, जेथे तो शाळेत जातो, तेथील नदीचे नाव त्याला सांगता येत नसेल, तर तो दोन्हीकडून पाहुणाच राहिला. जमिनीचा सात-बारा सर्वांच्या नावावर नसतो. जागेची माहिती मात्र ज्याने मिळवली त्याची. ती हिरावून घेता येत नाही, आणि ‘तू येथला कसा?’ या प्रश्नाला त्याहून नम्र आणि त्याहून भक्कम उत्तर नाही.

परीक्षेत यावर प्रश्न येईल का, असे काही पालक मनात म्हणत असतील. कदाचित येणार नाही. पण एका गावाच्या नावावरून आज आपण भूगोल, इतिहास, भाषा, गणित आणि विज्ञान या पाचही विषयांच्या दारात जाऊन आलो. जे मूल आपल्या गावाविषयी ‘का?’ असे विचारायला शिकते, ते पाठ्यपुस्तकालाही ‘का?’ विचारते; आणि असे मूल सहसा मागे राहत नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना एक काम सांगतो. पुढच्या सुटीत प्रत्येकाने एक वही करावी. तुम्ही राहता तो कौसा असो, कोन असो, राबोडी असो की कल्याणचा दूधनाका, त्या जागेची वही. पहिल्या पानावर जागेचे नाव आणि त्याचा अर्थ. नंतर जुन्या विहिरी, तलाव, मशिदी, देवळे, वाडे, धक्के यांची यादी. त्यापुढे शेतांची आणि पाड्यांची जुनी नावे. खाडीत पूर्वी कोणती मासळी मिळे, होडीच्या भागांना काय म्हणत, पूर कोणत्या साली कोठपर्यंत आला, हे आजीआजोबांना आणि शेजारच्या आगरी-कोळी काकांना विचारून लिहावे. ज्याने सांगितले त्याचे नाव आणि तारीख खाली टाकावी, म्हणजे वहीला पुराव्याची किंमत येईल. ऐकलेले आणि पाहिलेले वेगवेगळे लिहावे. जुनी माणसे निघून गेली की ही माहिती कोणत्याही कचेरीत मिळणार नाही.

शिक्षकांना विनंती, की एकदा वर्गाची सहल घोडबंदरला न्यावी. जाण्यापूर्वी पाऊणपटीचा हिशेब करून भरतीची वेळ काढावी आणि त्याच वेळी मुलांना टेकडीवर उभे करावे. समुद्राचे पाणी वर चढताना दिसेल. ते पाणी तेथे थांबत नाही. ते मुलांच्या आधी कल्याणच्या वाटेला लागलेले असते.